तुमचे प्रश्न : कमी मागण्याची सवय आणि बारा पायऱ्या

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाला वेगवेगळ्या बाजूंनी भिडणारी आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी ४३ वर्षांची असून डोंबिवलीत राहते. गेली सतरा वर्षे मी घरी बसून इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामे करते. माझा दर शब्दाला ६० पैसे आहे आणि तो मी २०१४ नंतर वाढवलेला नाही. दिवसाला साधारण २,००० शब्द होतात, सोमवार ते शनिवार मी रोज टेबलाशी बसते, तरीही महिन्याची सरासरी कमाई १८,००० रुपयांच्या वर जात नाही. एका संस्थेकडे माझे ३८,००० रुपये आठ महिन्यांपासून अडकले आहेत. त्यांना पाठवायची मेल मी तीनदा लिहिली आणि तीनदा तशीच ठेवून दिली. नातेवाइकांच्या लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, ओळखीच्यांच्या स्मरणिकांची मुद्रिते हे सगळे मी विनामोबदला करून देते, कारण नाही म्हणवत नाही. आमच्या आरोग्य विम्याचा हप्ता माझा भाऊ भरतो. मुलीच्या बारावीच्या क्लासची फी त्याच्याकडून मागताना मला रात्रभर झोप लागली नाही. न्यू जर्सीत राहणारी माझी बहीण कुवतीपेक्षा कमी कमावणाऱ्यांच्या ‘अंडरअर्नर्स ॲनॉनिमस’ नावाच्या गटाच्या सभांना ऑनलाइन बसते. त्यांच्या बारा पायऱ्यांच्या कार्यशाळेत मीही भाग घ्यावा असे ती म्हणते. पण बारा पायऱ्या तर दारू सोडणाऱ्यांसाठी असतात ना? कमी कमावणे हे व्यसन कसे? आणि पहिल्याच पायरीवर ‘आम्ही हतबल आहोत’ असे म्हणायचे असेल, तर आधीच खचलेल्या बाईला त्याचा काय उपयोग?

उत्तर : तुमच्या पत्रातील आकडे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहेत, म्हणून उत्तराची सुरुवात त्यांच्यापासूनच करते. शब्दाला ६० पैसे या दराने १८,००० रुपये म्हणजे ३०,००० शब्द होतात, आणि तुमच्याच वेगाने ते पंधरा दिवसांचे काम आहे. तुम्ही मात्र महिन्याचे सुमारे पंचवीस दिवस टेबलाशी बसता. उरलेले दहा दिवस लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका आणि न पाठवलेल्या मेल यांत गेले असावेत असा माझा अंदाज आहे. हा अंदाज खरा की खोटा, हे तुम्हालाही आज सांगता येणार नाही, कारण ते दिवस कुठेच नोंदलेले नाहीत. दर कमी असणे ही तुमच्या अडचणीची एक बाजू झाली. दुसरी बाजू या न नोंदलेल्या दहा दिवसांची आहे आणि तुमची बहीण ज्या गटाबद्दल सांगते आहे त्याचे काम नेमके तिथून सुरू होते.

बारा पायऱ्या, म्हणजे सवयीतून बाहेर पडण्याचा बारा टप्प्यांचा क्रम, मुळात दारूच्या व्यसनासाठीच लिहिल्या गेल्या, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी १९३५ मध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहायला सुरुवात केली, त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली आणि १९३९ मध्ये या पायऱ्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. भारतात ही चळवळ १९५७ मध्ये आली, आणि १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रामुळे या पायऱ्या मराठी घरांमध्येही परिचयाच्या झाल्या. अमेरिकेत त्यांचा उपयोग पुढे इतर सवयींसाठीही होऊ लागला. वारंवार कर्जात बुडणाऱ्यांसाठी १९७६ मध्ये न्यूयॉर्कला डेटर्स ॲनॉनिमस हा गट स्थिर झाला. त्यातील काही सदस्यांच्या असे लक्षात आले की कर्ज फिटले तरी आपली ओढाताण संपत नाही, कारण आपण कुवतीपेक्षा सतत कमी कमावतो आणि ते टाळता येण्यासारखे असूनही टाळत नाही. या जाणिवेतून २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्येच अंडरअर्नर्स ॲनॉनिमस सुरू झाला.

याला व्यसन म्हणावे की नाही, या वादात मी शिरत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते साम्य निराळे आहे. दारू पिणारा माणूस ‘उद्यापासून नाही’ असे मनापासून ठरवतो आणि उद्या पुन्हा पितो. तुम्ही मेल मनापासून लिहिली आणि तीनदा ठेवून दिली. ठरवणे आणि करणे यांच्यामध्ये रोज तीच एक भिंत उभी राहत असेल, तर निश्चय आणखी पक्का करून ती पडत नाही. या गटाने कमी कमाईची जी लक्षणे नोंदवली आहेत ती वाचताना मराठी माणसाला ओळखीची वाटतील : आपला वेळ वाटून टाकणे, आपल्या कामाचे मोल कमी लावणे, सुचलेली कल्पना आपणच मोडीत काढणे, आलेल्या संधीचा पाठपुरावा न करणे, हक्काचे मागतानाही अपराधी वाटणे, एकलकोंडे होणे, आणि सगळे सुरळीत चालू लागताच कंटाळून ते विस्कटणे. आपल्याकडे या साऱ्याला ‘भीड’ असा एक जुना शब्द आहे. भीड ही भिकेची बहीण, असे आपले पूर्वज म्हणत आले. दरवाढ मागायची भीड वाटली म्हणून भावाकडे फी मागण्याची वेळ आली, या तुमच्या अनुभवाचे याहून नेमके वर्णन मला करता येणार नाही.

आता ‘हतबल’ या शब्दाविषयी. पहिल्या पायरीत आपण हतबलता मान्य करतो ती त्या एका सवयीपुढची. तुमच्या भाषाज्ञानाला किंवा कष्टांना तो शब्द लागू नाही. तो उच्चारण्याआधी कार्यशाळेत पुरावा लिहून काढायला सांगतात : मी दर वाढवण्याचे किती वेळा ठरवले, प्रत्येक वेळी काय झाले, त्या दिवशी मी स्वतःला कोणते कारण दिले. अशी दहा-बारा उदाहरणे कागदावर एकाखाली एक आली की ‘या बाबतीत माझ्या एकटीच्या निश्चयावर विसंबण्यात अर्थ नाही’ हे वाक्य रडगाणे राहत नाही, ते मोजून काढलेले उत्तर होते. खचलेल्या माणसाला उलट त्यातून दिलासा मिळताना मी पाहिला आहे, कारण इतकी वर्षे ज्याला आपण आपला नाकर्तेपणा म्हणत होतो त्याला एक आकार आहे आणि तो इतरांच्या वहीतही जवळपास तसाच आहे, हे कळते.

कार्यशाळा म्हणजे व्याख्यान नव्हे. ठरावीक आठवडे तीच माणसे ठरलेल्या वेळी भेटतात, आठवड्याला एखादी पायरी घेतात, तिच्यावरचे लेखन घरी करून आणतात आणि ते कोणालातरी वाचून दाखवतात. वाचणाऱ्याला मध्येच थांबवून सल्ला द्यायचा नाही, असा सभांचा रिवाज असतो. तुमच्यासाठी चौथी आणि पाचवी पायरी सर्वांत जड आणि सर्वांत उपयोगी ठरेल असे वाटते. चौथीत स्वतःचा निर्भय आढावा लिहायचा असतो. तुम्ही तो असा लिहून पाहा : गेल्या तीन वर्षांतील प्रत्येक काम, त्याचे मागितलेले पैसे, मनातून मागायचे होते ते पैसे आणि ती दोन रकमांमधली दरी ज्या क्षणी पडली त्या क्षणी वाटलेली भीती. ‘ते चिडतील’, ‘पुढचे काम जाईल’, ‘भाषेचे काम करणाऱ्याने पैशाचे बोलू नये’, अशी काही मोजकी वाक्ये पुन्हा पुन्हा आलेली दिसतील. त्यांतले शेवटचे वाक्य आपल्याकडे विद्येच्या क्षेत्रात वावरणाऱ्या कितीतरी कुटुंबांत संस्कार म्हणून दिले जाते, आणि त्याची किंमत बहुधा घरातल्या बायका भरतात, हे मला इथे स्पष्ट लिहिणे भाग आहे. पाचव्या पायरीत हा आढावा एका माणसासमोर मोठ्याने वाचायचा असतो. स्वतःशी हजारदा म्हटलेली भीती दुसऱ्याच्या कानावर पडताच तिचे वजन निम्म्याने उतरते, आणि या पद्धतीचे बरेचसे बळ त्यात आहे, असे माझे मत आहे.

आठव्या-नवव्या पायरीत आपल्यामुळे ज्यांचे नुकसान झाले त्यांची यादी करून शक्य तिथे भरपाई करायची असते. तुमच्या यादीत भाऊ असेल. त्याची पुन्हा पुन्हा क्षमा मागणे म्हणजे भरपाई नव्हे. पुढच्या वर्षीच्या विम्याच्या हप्त्यातला काही हिस्सा, ५०० रुपये महिना का होईना, स्वतः बाजूला टाकणे ही भरपाई होईल.

पायऱ्यांच्या जोडीला या गटाची काही साधने आहेत, त्यांतली दोन तुम्ही कार्यशाळेची वाट न पाहता सुरू करू शकता. पहिले साधन वेळेच्या नोंदीचे. दिवसभर काय केले ते अर्ध्या-अर्ध्या तासाने वहीत लिहायचे, स्वतःला बोल न लावता. दोन आठवड्यांत तुमचे ते दहा दिवस सापडतील. दुसरे साधन सोबत्याचे. अवघड कृती करण्याआधी एका विश्वासू माणसाला फोन करून सांगायचे की मी आता हे करणार आहे, आणि झाल्यावर लगेच पुन्हा फोन करून सांगायचे की झाले. ३८,००० रुपयांची मेल अशा दोन फोनांच्या मध्ये ठेवा. तिच्यात दिलगिरीचा एकही शब्द नको. कामाचे नाव, काम सुपूर्द केल्याची तारीख, रक्कम आणि पैसे कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित आहेत, एवढे चार तपशील पुरे आहेत.

देवाविषयी तुम्ही विचारले नाही, पण पहिल्या-दुसऱ्या सभेत तो प्रश्न पडेल. पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख ‘आम्हाला उमगला तसा’ या शब्दांनी येतो. कोणी त्या जागी विठ्ठल पाहतो, कोणी निसर्ग, कोणी समोर बसलेला गटच. नास्तिक सदस्यही असतात. प्रार्थनेने सभा सुरू होते म्हणून बिचकू नका आणि ती मनाविरुद्ध म्हणूही नका.

सभा इंग्रजीत असतात, त्याची अडचण तुम्हाला येणार नाही. वेळेची येईल : न्यूयॉर्कची रात्री आठची सभा आपल्याकडे तिकडच्या उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला लागते. बहिणीलाच सोबती करू नका, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ती प्रेमापोटी तुमची बाजू घेईल, आणि इथे बाजू घेणाऱ्यापेक्षा नुसते नीट ऐकून घेणारा परका माणूस जास्त उपयोगी पडतो.

कार्यशाळेने ज्या गोष्टी होणार नाहीत त्याही सांगते. तुमच्या क्षेत्रातला आजचा दर काय आहे, हे गट सांगणार नाही. ते चार भाषांतरकारांना विचारूनच कळेल. थकबाकीबाबत कायद्याचा आधारही वेगळा शोधावा लागतो. भाषांतर ही सेवा असल्याने तुम्हाला सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी करता येते. ती ऑनलाइन आणि विनामूल्य होते. नोंदणीनंतर केलेल्या कामाला २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचे संरक्षण मिळते : लेखी करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत, करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे ग्राहकावर बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तक्रारीसाठी सरकारचे संकेतस्थळ आहे. जुन्या ३८,००० रुपयांना हा आधार मिळेल असे धरून चालू नका, पण पुढच्या प्रत्येक बिलावर नोंदणी क्रमांक छापा. आणि झोप न लागणे, सकाळी उठावेसे न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर आधी डॉक्टरांना भेटा किंवा ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. नैराश्यावरचा उपचार बारा पायऱ्यांमध्ये नाही.

प्रश्न : मी नाशिकला छायाचित्रकार आहे. लग्नसराईत कामे मिळतात, पण दर पाडूनच घ्यावी लागतात. ‘बारा पायऱ्यांनी उत्पन्न दुप्पट’ अशी दोन दिवसांच्या कार्यशाळेची जाहिरात मी पाहिली. शुल्क २५,००० रुपये आहे. ही पद्धत शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाली आहे असे त्यांनी म्हटले आहे. जावे का?

उत्तर : माझ्या मते जाऊ नये. बारा पायऱ्यांबरोबर गटाने कसे चालावे हे सांगणाऱ्या बारा परंपराही आहेत, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसने त्या १९५० मध्ये औपचारिकपणे स्वीकारल्या. त्यांतली सातवी सांगते की गट आपल्या सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीवरच चालेल. आठवीनुसार एक सदस्य दुसऱ्याला मदत करतो ते काम धंदा म्हणून होणार नाही, आणि अकरावीनुसार गट जाहिरातबाजीने माणसे ओढणार नाही. अशा गटाच्या सभेत टोपली फिरते किंवा आता ऑनलाइन वर्गणीचा दुवा दिला जातो. ज्याला देता येत नाही तो न देता बसतो. २५,००० रुपये घेऊन दोन दिवसांत शिकवले जाते ते काही तरी दुसरे आहे. ते चांगले असेलही, पण त्याला या पायऱ्यांचे नाव देणे योग्य नाही. पायऱ्यांना महिने लागतात आणि त्यांत उत्पन्नाची हमी कोणी देत नाही.

शास्त्रीय सिद्धतेबद्दल : २०२० मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस आणि तिच्याशी जोडून घेणारे उपचार दारूपासून पूर्ण दूर राहण्यासाठी इतर प्रस्थापित उपचारांइतके किंवा त्यांहून अधिक परिणामकारक ठरतात, असे त्यात दिसले. तो निष्कर्ष दारूविषयी आहे. तो उचलून कमाईच्या जाहिरातीवर चिकटवणे ही फसवणूक आहे.

तुमच्या धंद्यात हंगाम ठरलेला असतो, म्हणून एक व्यवहाराची सूचना करते. पुढच्या सराईआधी तुमच्यासारख्याच दोन छायाचित्रकारांबरोबर बसा आणि प्रत्येकाने आपला गेल्या वर्षीचा खरा हिशेब मांडा : कॅमेरा-लेन्सची झीज, मदतनिसाचा रोज, अल्बमचा खर्च, संपादनात गेलेल्या रात्री. अंडरअर्नर्स ॲनॉनिमसमध्ये अशा बैठका असतात, त्यांना कृतिसभा म्हणता येईल. एका सदस्याचा प्रश्न घेऊन आणखी दोघे त्याच्यासोबत पुढच्या कृती ठरवतात. एका लग्नामागे हाती नक्की किती उरते हे तिघांच्या समोर लिहिले गेले की त्याखालच्या रकमेला होकार देणे अवघड होते. या बैठकीला चहाचा खर्च येतो.

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. सेट उत्तीर्ण आहे, पीएच.डी. झाली आहे, वय ३८. तासांचे पैसे मिळतात ते वर्षातले काही महिनेच, आणि तेही उशिरा. एका मित्राने मला अंडरअर्नर्सच्या लक्षणांची यादी पाठवली आणि ‘हे तुझेच वर्णन आहे’ असे लिहिले. तेव्हापासून दोष माझ्यातच आहे असे वाटू लागले आहे.

उत्तर : ती यादी काही काळ बाजूला ठेवा. तुमचा दर तुम्ही भिडेने कमी सांगितलेला नाही. तो तुम्हाला विचारून ठरलेलाच नाही. कायमस्वरूपी जागा वर्षानुवर्षे भरल्या न जाणे आणि तेच अध्यापन तासांच्या हिशेबाने उरकून घेणे हा धोरणाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर संघटना, निवेदने, न्यायालये आणि विधिमंडळ यांच्याकडे मागायचे आहे. ज्याच्या हातून अन्याय झाला नाही, ज्याच्यावर तो झाला आहे, त्याला आत्मपरीक्षणाची वही हातात देणे मला क्रूर वाटते. आपल्याच चुकीमुळे आपण कमी कमावतो, हे वाक्य शेतमजुराला, आशा सेविकेला किंवा तुम्हाला ऐकवले जाते तेव्हा ते सांगणाऱ्याची सोय होते. बारा पायऱ्यांबद्दल आस्था असूनही, किंबहुना ती आहे म्हणूनच, मी हे लिहिते आहे.

तरीही एक प्रश्न तुम्ही स्वतःला विचारावा असे वाटते, आणि तो तुमच्या मित्राने विचारला आहे त्याहून लहान आहे. तासिकांशिवाय तुमच्याकडून आणखी काय काय करून घेतले जाते? मूल्यांकनाच्या फायली, स्नेहसंमेलन, प्रवेशाच्या काळातली गावोगावची फेरी, वरिष्ठांच्या प्रबंधाचे टंकलेखन? यांतले कोणते काम लेखी आदेशाने आले, आणि कोणते नुसते ‘सर, तेवढे बघाल का’ या शब्दांवर? पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतील या आशेवर माणूस हे सारे ओढत राहतो, आणि ती आशा खोटी आहे असे मी म्हणणार नाही, तिच्यावर तुमचे घर चालते. पण केलेल्या प्रत्येक तासाची तारीखवार नोंद, विभागप्रमुखांच्या स्वाक्षरीसह, तुमच्याजवळ असायला हवी. थकलेले मानधन मागताना ती लागेल आणि संघटनेलाही लागेल. अशी नोंद तुमच्या महाविद्यालयातले इतर तासिका शिक्षकही ठेवत असतील तर महिन्यातून एकदा एकत्र बसून त्या ताडून पाहा, आणि पहिल्या बैठकीला ज्यांचे पैसे सर्वांत जास्त काळ अडकले आहेत त्यांना आधी बोलू द्या.